आधी कोटेशन, मग मशीन
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत विजेचा विषय निघतो तो पंपाचा. किती तास येते, दिवसा की रात्री, डी.पी. जळाली तर कोण बदलणार, बिल कोणत्या हिशोबाने आले. ते प्रश्न मिटलेले नाहीत. पण आज आम्ही बोलणार आहोत ते विहिरीवरच्या विजेबद्दल नाही, धंद्याच्या विजेबद्दल. गावात कुणाला दाल मिल टाकायची आहे, कुणाला पीठगिरणी, कुठे बचत गटाच्या बायांना मिरची कांडपाचे मशीन घ्यायचे आहे, कुणाच्या डोक्यात तेलाचा घाणा आहे. या सगळ्यांना पहिली अडचण येते ती एकच, थ्री फेज कनेक्शन.

धंदा गावात का हवा, हे तुम्हाला सांगायला नको. क्विंटलभर कापसात साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, पेंड राहते. आपण विकतो कापूस आणि बैलासाठी विकत आणतो पेंड. तूर विकतो आणि डाळ आणतो. मधला पैसा जिथे मशीन फिरते तिथे राहतो. मशीन शहराच्या रस्त्याला फिरते, कारण भांडवल तिथे आहे, बाजार तिथे आहे आणि भरवशाची वीजही तिथेच आहे. भांडवलाचे आणि बाजाराचे भांडण लांबचे आहे. विजेचे काम आपण याच वर्षी हातात घेऊ शकतो.

आता उशिराची किंमत काढू. समजा, एखाद्याने दाल मिलसाठी चार लाखांचे कर्ज काढले, व्याज १२ टक्के. महिन्याचे व्याज झाले चार हजार. मशीन डिसेंबरात येऊन शेडमध्ये बसले आणि कनेक्शन आले जूनमध्ये, तर २४ हजार रुपये नुसते व्याजात गेले. ते तरी दिसतात. न दिसणारे नुकसान मोठे आहे. नवी तूर जानेवारीत बाजारात येते आणि डाळ करण्याचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. जूनमध्ये कनेक्शन मिळालेल्या माणसाचा पूर्ण हंगाम गेला. कागदावर उशीर सहा महिन्यांचा, धंद्यात उशीर एका वर्षाचा.

काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत बातम्या येत, की धंद्याला वीज मिळण्याच्या बाबतीत भारताने मोठी उडी मारली. जागतिक बँकेच्या २०२० सालच्या अहवालात या एका मुद्द्यावर देशाचा क्रमांक २२ वा होता. आकडा खरा आहे. पण मोजले काय, तेही पाहा. देशातल्या मोठ्या शहरात एक गोदाम आहे आणि त्याला १४० केव्हीएचे नवे कनेक्शन हवे आहे असे धरले, आणि भारतासाठी मोजणी केली मुंबईत आणि दिल्लीत. दहा एच.पी.ची गिरणी मागणारे आपले गाव त्या मोजणीत कुठेच नव्हते. पुढे आकड्यांत गैरप्रकार आढळले आणि २०२१ साली बँकेने ते अहवालच बंद केले. तेव्हा क्रमांकाच्या बातमीवर विसंबून मशीन आणू नका.

मग विसंबायचे कशावर? कायद्यावर. वीज कायदा २००३, कलम ४३. जागेचा मालक किंवा वहिवाटदार याने अर्ज केला, की एका महिन्यात वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. नवी लाइन ओढावी लागली किंवा नवे उपकेंद्र उभारावे लागले तर मुदत वाढते आणि ती आयोगाच्या नियमांनी ठरते. वेळेत वीज दिली नाही तर दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. त्यावर केंद्राचे ग्राहक हक्कांचे नियम २०२० साली आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते दुरुस्त झाले. त्यानुसार महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस. डोंगराळ ग्रामीण भाग असेल तर ३०. लाइन वाढवायची असेल तर इथेही मुदत वेगळी.

हे ऐकून कुणी हसेल. पंधरा दिवसांत काय मिळते? साहेब भेटायलाच पंधरा दिवस लागतात! पण भावांनो, हे दिवस मोजायचे कधीपासून? पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. आणि आपला अर्ज बहुतेक वेळा दाखलच नसतो. आपण वायरमनला सांगून ठेवलेले असते. साहेबांच्या कानावर घातलेले असते. कुणाच्या तरी हातात कागद दिलेले असतात. आपल्या हिशोबाने सहा महिने झाले, ऑफिसच्या हिशोबाने एक दिवसही झालेला नसतो. ज्या अर्जाची पोच नाही, तो अर्ज नाही. म्हणून अर्ज ऑनलाइन करा आणि अर्ज क्रमांक उतरवून घ्या, किंवा ऑफिसात देऊन आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. ओळखीचा पुरावा, जागेचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, भाड्याची जागा असेल तर मालकाची संमती आणि तुमच्या धंद्याला लागणारा परवाना असेल तर तो, एवढे जोडा. कागद कमी आहे म्हणाले तर कोणता, ते लिहून मागा.

अर्जाआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली गोष्ट भार. एक एच.पी. म्हणजे ०.७४६ किलोवॅट. दहा एच.पी.ची मोटर साडेसात किलोवॅटची झाली. पूर्ण भारावर ती चालली तर मोटरमधली घट धरून तासाला साडेआठ युनिटांच्या आसपास वीज खाईल. आठ तासांचे ६८ युनिट. तुमच्या आजच्या दराने याला गुणा आणि दळणावळीतून तेवढे निघते का ते बघा. लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅटवर एक रेष आहे, म्हणजे साधारण २७ एच.पी. त्याच्या आत स्थिर आकार कनेक्शनमागे ठरलेला असतो. त्याच्या वर गेलात की मागणीवर, केव्हीएवर, आकार लागतो, मशीन बंद असली तरी. म्हणून सुरुवातीलाच ‘पुढे लागेल’ म्हणून मोठा भार मागू नका, आणि अनामत वाचवायला खोटा कमीही लिहू नका. अनामत साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते आणि तिच्यावर व्याज मिळण्याचा हक्क कलम ४७ मध्ये आहे. मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावा. थेट चालू केलेली मोटर सुरुवातीच्या क्षणी सहापटीच्या आसपास करंट ओढते. मग शेजारच्या घरातले दिवे मंद होतात आणि तक्रार तुमच्या नावाने होते.

दुसरी गोष्ट जागा, आणि ही जास्त महत्त्वाची. शेतात जागा आहे, शेड आहे, म्हणून मशीन शेतात बसवावी असे वाटते. पण शेतातली लाइन बहुधा शेतीच्या फीडरवर असते. त्यावर थ्री फेज दिवसाला आठ तासांच्या आसपास, तीही पाळीने. गावठाणाचा फीडर वेगळा असतो आणि त्यावर वीज दिवसभर धरलेली असते. डाळ भिजवून वाळवून तयार आहे आणि थ्री फेज रात्री येणार आहे, असा धंदा चालत नाही. शेतात गावठाण फीडरची लाइन आणायची तर खांब आणि मुदत दोन्ही वाढतात. गावालगत, डी.पी.जवळ भाड्याची खोली मिळाली तर कित्येकदा ती स्वतःच्या फुकट शेडपेक्षा स्वस्त पडते. अर्ज करण्याआधी विचारा, आम्हाला कोणत्या फीडरवर घेणार आणि त्या डी.पी.वर जागा आहे का.

आता एक मोह. विहिरीवर कनेक्शन आहेच, तिथेच घाणा लावला तर? एप्रिल २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने वीजबिल माफ केल्यापासून हा मोह वाढला आहे. हे करू नका. शेतीच्या दरात स्वतःच्या वापराचा चरक किंवा कडबा कुट्टी चालते. पीठगिरणी, तेलघाणा, एक्स्पेलर चालत नाही, मग त्याला वेगळी मोटर असो की त्याच मोटरचा पट्टा बदललेला असो. पट्टा बदलण्याचा उल्लेखसुद्धा दरपत्रकात आहे, म्हणजे ही युक्ती त्यांना जुनी झाली आहे. सापडलात तर कलम १२६ लागते. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि कधीपासून वापर चालू होता ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. अपील करायचे तर निम्मी रक्कम आधी भरा. धंद्याचा एका वर्षाचा नफा त्यात जाईल.

पुढचा प्रश्न पैशाचा. ‘खांब तुमचे, तार तुमची, डी.पी. तुमची’ असे तोंडी सांगितले जाते आणि माणूस तिथेच मागे फिरतो. तोंडी आकड्यावर मागे फिरू नका. राज्य वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २००६ च्या आदेशात सर्व्हिस लाइन चार्जेसच्या नावाने होणारी वसुली नाकारली. सर्वांसाठीच्या यंत्रणेचा खर्च विजेच्या दरातून वसूल होत असतो, तो एका अर्जदाराकडून पुन्हा घ्यायचा नाही, हा त्यामागचा विचार. कंपनीचे त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळले. याला अपवाद आहेत. फक्त स्वतःसाठी खास लाइन हवी असेल, किंवा मागितलेला भार यंत्रणेच्या मानाने मोठा असेल, तर खर्च येतो. घाईसाठी स्वतः खर्च करून काम करून घ्यायचे आणि नंतर बिलांतून वळते करून घ्यायचे, असाही मार्ग आहे. तो धरला तर पैसे कसे आणि किती महिन्यांत परत येणार, हे काम सुरू होण्याआधी कागदावर घ्या. केंद्राच्या नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे. वीज पोचलेल्या भागात १५० किलोवॅटपर्यंतच्या कनेक्शनचा आकार भारानुसार ठरवून ठेवावा, प्रत्येकाच्या दारात जाऊन वेगळा अंदाज काढायची गरज पडू नये, असे तो नियम म्हणतो. म्हणून लेखी कोटेशन मागा, त्यातली प्रत्येक ओळ वाचा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

मुदत टळली तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. नंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तिथे वकील लावावा लागत नाही, गाऱ्हाणे घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि नागपूर इथे आहेत. या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न विचारला जाईल, अर्जाची तारीख काय? शिक्का असेल तर तुमच्या बाजूने कायदा बोलेल. नसेल तर फक्त तुम्ही बोलाल.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी जागा आणि भार. मग अर्ज आणि पोच. मग कोटेशन आणि पावती. त्यानंतर परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग आणि टेस्ट रिपोर्ट. मशीनची ऑर्डर कोटेशन भरल्यावर. बँकेलाही तेच सांगा, मंजुरी आज द्या, मशीनची रक्कम कोटेशनची पावती दाखवल्यावर सोडा, म्हणजे व्याज अंधारात चढणार नाही. तुरीचा हंगाम धरायचा असेल तर अर्ज पेरणीच्या दिवसांतच पडला पाहिजे. तूर फुलावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आपली मागणी वीज फुकट द्या अशी नाही. धंद्याच्या विजेचे दाम आपण मोजणार आहोत आणि दाम मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला तारीख विचारण्याचा हक्क असतो. आम्ही ठरवले आहे, की पुढच्या तालुका बैठकांना प्रत्येक गावाने एक वही आणायची. कुणी, किती एच.पी.साठी, कोणत्या तारखेला अर्ज केला, कोटेशन कधी मिळाले, पैसे कधी भरले, वीज कधी आली. एकट्याचा उशीर ऑफिसात ‘तांत्रिक अडचण’ म्हणून खपतो. एकाच सेक्शनच्या वीस गावांच्या वह्या एका टेबलावर ठेवल्या, की अडचण कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसेल. वही साधी असू द्या, तारखा मात्र खऱ्या असू द्या. एवढे काम घेऊन आज आपण उठू.