एक फाईल, दोन नावं: हार्ड लिंकची गोष्ट

इयरफोन नीट लावलेत ना? आज थोडं खोलात जायचंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. लग्नाचे फोटो एडिट करतो तो. म्हणाला, "दादा, लिनक्सवर एलएन कमांडने सगळ्या फोटोंची दुसरी प्रत केली. जागा अजिबात वाढली नाही! हा बॅकअप भारी आहे ना?" मी ताबडतोब कळवलं, बाबा रे, हा बॅकअपच नाही. का नाही, तेच आज सांगतो.

फाईलचं नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्कवर तुमचा डेटा कुठे आहे, मालक कोण, आकार किती, ही माहिती ज्या नोंदीत असते तिला आयनोड म्हणतात आणि तिला एक नंबर असतो. गंमत म्हणजे आयनोडमध्ये नाव नसतंच. नाव असतं फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे शाळेतला हजेरीपट समजा: हे नाव, हा नंबर. आता एकाच नंबरापुढे दोन नावं लिहिली तर? घरी बंड्या, ऑफिसात प्रशांत, माणूस एकच. ही झाली हार्ड लिंक.

ती करणारा सिस्टिम कॉल म्हणजे लिंक. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, असलेलं नाव आणि नवं नाव. जमलं तर शून्य परत येतो, नाही तर उणे एक. कॉल फार जुना आहे, 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येसुद्धा सापडतो. एलएन कमांड आतून हाच कॉल वापरते. आणि डिलीट? तिथे फाईल डिलीट करणाऱ्या कॉलचं नावच अनलिंक आहे. तो फक्त हजेरीपटातलं एक नाव खोडतो. आयनोडमध्ये एक आकडा असतो, आपल्याला किती नावं आहेत त्याचा. तो शून्यावर आला आणि ती फाईल कुठल्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते. फाईल उडवूनही डिस्क भरलेलीच का दिसते, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

आता त्या फोटोवाल्या मित्राकडे येऊ. एडिटरने फोटो आहे त्याच जागी लिहिला, तर 'बॅकअप'सुद्धा बदलला, कारण फोटो एकच आहे! पण काही एडिटर आधी नवी फाईल लिहितात आणि मग तिला जुनं नाव देतात. तेव्हा लिंक गुपचूप तुटते, जुना फोटो दुसऱ्या नावाखाली शाबूत राहतो. म्हणजे तुमचा ओरिजिनल वाचला की गेला, हे एडिटरच्या सवयीवर ठरणार. कुणाच्या लग्नाचे फोटो असे नशिबावर सोडायचे? आणि डिस्कच खराब झाली तर दहा नावं असूनही डेटा एकच, तो गेला की सगळी नावं गेली.

मग हार्ड लिंक बॅकअपसाठी वापरतच नाहीत का? वापरतात की, फक्त नीट. आरसिंकमध्ये लिंक-डेस्ट नावाचा पर्याय आहे. समजा बाहेरच्या डिस्कवर पहिल्या दिवशी 40 जीबी गेले आणि दुसऱ्या दिवशी 200 एमबीच बदललं. तर न बदललेल्या फायलींना कालच्या प्रतीशी हार्ड लिंक होते, नवी जागा साधारण तेवढ्या 200 एमबीचीच लागते, आणि तरी प्रत्येक दिवसाचं फोल्डर पूर्ण दिसतं. कालचं फोल्डर उडवलं तरी आजचं सुरक्षित. मला स्वतःला ही युक्ती जाम आवडते.

काही अटी मात्र आहेत. हार्ड लिंक एकाच फाईल सिस्टिममध्ये होते. दुसऱ्या डिस्कवर करायला गेलात तर कॉल ईएक्सडीईव्ही ही एरर देतो, कारण आयनोड नंबर त्या त्या फाईल सिस्टिमपुरताच असतो. नवं नाव आधीच वापरात असेल तर लिंक ते पुसत नाही, सरळ नकार देते. फोल्डरला हार्ड लिंक लिनक्स करू देत नाही, नाहीतर फोल्डरात फोल्डर असं गोल फिरत बसाल. ईएक्सटी4 वर एका फाईलला जास्तीत जास्त 65,000 नावं चालतात. विंडोजमध्ये क्रिएटहार्डलिंक आहे, एनटीएफएसवर. पेन ड्राइव्हवरचं फॅट32 किंवा एक्सफॅट असेल तर विषयच संपला.

आणि तुमच्या फोनचं काय? अँड्रॉइड खाली लिनक्सच चालवतं, पण अँड्रॉइड 6 पासून साध्या ॲपला हार्ड लिंक करायची परवानगी एसईलिनक्सचे नियम देत नाहीत. टर्मक्समध्ये एलएन करून बघा, परमिशन डिनाइड येईल. एलएन -एस मात्र चालेल. ती सिंबॉलिक लिंक, म्हणजे नुसती पत्त्याची चिठ्ठी. मूळ फाईल उडवली की चिठ्ठी हातात राहते, घर गायब!

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एक रिकामी फाईल करा, तिला हार्ड लिंक करा आणि एलएस -एलआय मारा. दोन्ही नावांपुढे एकच नंबर दिसेल आणि परवानग्यांच्या शेजारी 2. मग एक नाव उडवा आणि पुन्हा बघा. काय दिसलं ते व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू पुढच्या भागात!