हजार वर्षांचे आवरण

युरेनियमचा दगड दळून त्यातील युरेनियम काढून घेतले, की मागे वाळूसारखा बारीक गाळ उरतो. युरेनियम गेले म्हणून धोका गेला, असे मात्र होत नाही. मूळ दगडातील किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग या गाळातच राहतो. त्यातील रेडियम निम्मे होण्यास १,६०० वर्षे लागतात. आणि ज्या थोरियमपासून ते रेडियम पुनःपुन्हा उत्पन्न होते, ते निम्मे होण्यास सुमारे ७५,००० वर्षे. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन कर्करोगास कारण होऊ शकतो.

अमेरिकेत अशा गाळाच्या राशी कित्येक वर्षे उघड्यावर पडून होत्या. १९७८ साली तेथे त्यांच्या बंदोबस्ताचा कायदा झाला. पुढे असे ठरविण्यात आले की, हा बंदोबस्त शक्यतो १,००० वर्षे, आणि निदान २०० वर्षे तरी टिकला पाहिजे.

त्यासाठी योजलेला उपाय साधा होता. गाळावर चिकणमातीचा थर दाबून बसवावयाचा आणि तो पाऊसवाऱ्याने झिजू नये म्हणून वर दगड पसरावयाचे. रेडॉन चार दिवसांच्या आत निम्मा होतो. तेव्हा ओलसर, घट्ट मातीतून वाट काढता काढताच तो बहुतांशी सरावा, हा त्यामागील हिशेब. पावसाचे पाणी अडविण्याचे कामही याच थराकडे होते.

परंतु माती ही काही लोखंडी झाकण नव्हे. पेन्सिल्व्हेनियातील बरेल येथे दगडांच्या थराखाली ओल टिकून राहिली, फटींत बी रुजले आणि जपानी नॉटवीड नावाच्या चिवट वनस्पतीची मुळे खालच्या चिकणमातीत उतरली. जेथे मुळे शिरली, तेथे मातीतून पाणी झिरपण्याचा वेग सुमारे शंभरपट वाढल्याचे आढळले. रक्षणासाठी घातलेल्या दगडांनीच झाडांना आसरा दिला! अन्यत्रही गोठण्यावितळण्याने, वाळून पडलेल्या भेगांनी आणि कीटकांच्या बिळांनी असे थर सैल होतात.

या अनुभवातून निराळा विचार पुढे आला. युटामधील मॉन्टिसेलो येथे २००० सालच्या सुमारास पुऱ्या झालेल्या आवरणात वनस्पतींनाच कामाला लावण्यात आले. मातीचा जाड थर हिवाळ्यातील ओल धरून ठेवतो. गवत आणि सेजब्रशची झुडपे उन्हाळ्यात ती शोषून हवेत परत सोडतात. बिळे करणारे प्राणी खोल जाऊ नयेत म्हणून मध्ये गोट्यांचा थरही आहे. येथे निसर्गाशी झुंज नाही. त्याच्याशी करार आहे.

तथापि हा करारही देखरेखीवाचून पाळला जाणार नाही. हवामान पालटेल, झाडे बदलतील, मातीचा पोतही बदलेल. हजार वर्षे लोटली तरी निम्म्याहून अधिक रेडियम शिल्लकच असेल. म्हणून आवरण घातले म्हणजे काम संपले, असे मानता येत नाही. तेथे काय पुरले आहे याची आठवण आणि त्या जागेची राखण, या दोन्ही गोष्टी एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवीत राहिले पाहिजे.