विमानाने येणारा पाहुणा आणि श्वासाचे आजार
(आरोग्य मेळाव्यातील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय कळल्यावर काही मंडळींनी आम्हांस विचारले, "विमानाचा आणि आपल्या डोंगरातल्या वाडीचा काय संबंध?" संबंध जवळचा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने मुंबईची गिरणी आणि गोदी धरली. आजची मुले दुबई, मस्कत, कुवेत गाठतात. त्यांचे विमान मुंबईला उतरते, पण त्यांचा प्रवास संपतो तो बिरवाडीला, दासगावला नाहीतर पोलादपूरच्या वर एखाद्या वाडीत. आता तर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आला. तेव्हा या विषयाचा विचार आपण करावयास हवा.

बाहेरून आलेली साथ आपल्याला नवी नाही. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्ल्युएंझा मुंबई बंदरातून शिरला. सुरुवातीस आजारी पडलेल्यांत गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई होते. पुढे आगगाडीच्या वाटेने ती साथ देशभर गेली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या काळी माणूस बोटीने यायचा. बोटीला दिवस लागत, त्यामुळे पुष्कळदा आजार वाटेतच उघडा पडे. दुबईहून मुंबईस विमान सुमारे तीन तासांत येते. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात. म्हणजे माणूस धडधाकट दिसत घरी पोहोचतो, आणि आजार नंतर उठतो.

महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. चाळीस जणांच्या सहलीबरोबर दुबईला जाऊन १ मार्चला परतलेले ते जोडपे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, विमानातील एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्यास आणणारा टॅक्सीचालक हेही बाधित निघाले. या तिघांतला टॅक्सीचालक आपण नीट लक्षात ठेवावा. त्याने विमानात पाऊलही ठेवले नव्हते.

विमानातली हवा कोंडलेली असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो पुरता खरा नाही. विमान उडत असताना साधारण निम्मी हवा बाहेरून घेतली जाते आणि उरलेली निम्मी बारीक जाळीच्या गाळणीतून पुन्हा आत सोडली जाते. ही गाळणी अतिसूक्ष्म कण शंभरात नव्याण्णवाहून अधिक अडविते. दर दोन-तीन मिनिटांनी आतली हवा बदलते. ती डोक्यावरून खाली येते आणि त्याच रांगांच्या पायाशी बाहेर ओढली जाते. त्यामुळे एका टोकाचा खोकला दुसऱ्या टोकापर्यंत सहसा जात नाही.

मग धोका कोठे? शेजारच्याचा खोकला गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी आपल्या नाकापर्यंत पोहोचतो, तेथे. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सचा एक रुग्ण होता. त्या प्रवासानंतर बावीस जण आजारी पडले. १ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात एका आजारी प्रवाशामुळे पंधरा जणांस कोरोनाची लागण झाली, आणि त्यांपैकी बारा जण तिच्याच वर्गात बसलेले होते. तो प्रवास दहा तासांचा होता. त्याहून बोलके उदाहरण १९७७ सालचे, अलास्कातले. एक विमान इंजिन बिघडल्याने तीन तास जमिनीवरच उभे राहिले आणि त्या वेळात हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती. आत एक फ्लूची रुग्ण होती. तीन दिवसांत शंभरातल्या बहात्तर प्रवाशांस फ्लूसारखा आजार झाला.

यावरून सूत्र निघते ते सोपे आहे. जवळीक, वेळ आणि न हलणारी हवा, हे तीन एकत्र आले की आजार पसरतो.

आता आपल्याकडची रीत पाहा. मुलगा दोन वर्षांनी येतो म्हणून भाड्याची जीप ठरते. आई, वडील, बहीण, भाचरे, शेजारचा काका असे आठ-नऊ जण त्याला आणावयास जातात. परततांना काचा बंद, एसी सुरू, सामान मांडीवर. मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पाच तास तीच हवा सगळे जण आत-बाहेर घेतात, आणि त्या जीपला विमानासारखी गाळणी नसते! आमचे स्पष्ट मत आहे की, आपल्यासाठी विमानापेक्षा ही जीप अधिक जोखमीची आहे.

म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवितो. ताप, खोकला असेल तर शक्यतो तिकीट पुढे ढकलावे. ते न जमल्यास चांगला मास्क नाकावरून नीट बसवावा. विमानात चढताना, उतरताना, सामानाच्या पट्ट्यापाशी गर्दी असते; तेथे मास्क काढू नये. डोक्यावरचे हवेचे तोंड उघडे ठेवावे. आणावयास एक-दोघांनीच जावे, गाडीच्या काचा चार बोटे उघड्या ठेवाव्यात, आणि चालकालाही मास्क द्यावा. त्याच्याही घरी म्हातारी माणसे आहेत. घरी दमा, मधुमेह वा हृदयविकाराचे माणूस असेल, तर आलेल्याने पहिले चार-पाच दिवस ओटीवर किंवा खिडकीजवळ वेगळे झोपावे. वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. धाप लागली तर घरगुती काढ्यावर दिवस न घालविता महाड वा पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि घरात कोण कोठून, कोणत्या दिवशी आले, हे डॉक्टरांस आपणहून सांगावे.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०२० साली मुंबईहून चालत आलेल्या आपल्याच माणसांना कोकणात काही ठिकाणी गावाच्या वेशीवर अडविले गेले. आजार लपविण्याची सवय अशा वागण्यातूनच लागते. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या महाडाने तरी अंतर आणि अस्पृश्यता यांतील फरक विसरू नये. अस्पृश्यता जन्मावर लादली जाते आणि तिला शेवट नसतो. आजारातले अंतर चार-आठ दिवसांचे असते, ते साहेबालाही असते आणि मजुरालाही. आणि त्या दिवसांत दाराशी ताट ठेवणारा, औषध आणून देणारा हात असावाच लागतो. ज्याला वेगळे झोपावयास खोलीच नाही, त्याच्यासाठी गावातल्या समाजमंदिराची एक बाजू मोकळी करून देणे, हे काम प्रत्येक गावच्या शाखेने अंगावर घ्यावे.

१४ एप्रिल २०२० ची जयंती आपल्या समाजाने घरोघरी, गर्दी न करता साजरी केली. ती शिस्त आपल्या अंगी आहे. परदेशातून येणारे मूल हे घराचा आनंद आहे. तो आनंद आजीच्या आजारपणात बदलू नये, एवढीच आमची विनंती.

जय भीम.