जुन्या लढाऊ विमानांची ओळख

सारस पक्षी उडताना मान सरळ पुढे काढून उडतो आणि बगळा मान दुमडून छातीशी घेतो. नवेगाव बांधाच्या किंवा वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. पक्षी अर्धा कोस लांब असतो. त्याच्या डोक्याचा तांबडा रंग दिसत नाही, पाय दिसत नाहीत. तरी धानाच्या बांधीत उभा असलेला शेतकरी क्षणभर वर पाहतो आणि सांगतो, सारस आहे. त्याने रंग पाहिलेला नसतो, आकृती पाहिलेली असते. आज ज्या विमानांविषयी मला बोलावयाचे आहे, ती ओळखण्याची रीतही हीच आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्या युद्धातली लढाऊ विमाने, नाकावर पंखा असलेली, एकट्या वैमानिकाची, आजही थोडी उडत आहेत. स्पिटफायर जातीची विमाने वीस हजारांहून अधिक बांधली गेली. आज उडू शकणारी शंभरही नाहीत. हरिकेन चौदा हजारांच्या वर झाली. त्यांतली उडणारी दोन डझनसुद्धा भरणार नाहीत. बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत आहेत. आपल्या भारतीय वायुदलाने जुन्या विमानांचा एक ताफा राखला आहे. त्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ साली दाखल झालेले ‘परशुराम’ नावाचे डाकोटा ही विमाने आली. पण यांतले एकही लढाऊ नव्हे. पहिली दोन शिकाऊ वैमानिकांची आणि तिसरे मालवाहू.

मग भंडाऱ्याच्या माणसाने याचा विचार का करावा? एक कारण जवळचे आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे जी धावपट्टी आहे, ती याच महायुद्धाच्या काळात तयार झालेली आहे. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १९९९ साली. म्हणजे युद्धाचा एक धागा आपल्या शिवारातून गेलेला आहे. आज बिरसीला वैमानिक शिकतात आणि त्यांची लहान विमाने या भागावरून फिरत असतात. दुसरे कारण याहून मोठे आहे, ते ओघाने सांगतो.

आधी ओळखीचे पाहू. विमान खालून दिसते तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात: पंखांचा आकार, नाक, पोट आणि शेपूट. स्पिटफायरचे पंख पातळ आणि पानासारखे. अंगापाशी रुंद, मग दोन्ही कडांनी गोलावत जाऊन टोकाशी निमुळते. असा पंख एकदा पाहिला की विसरत नाही. हरिकेनचा पंख जाड, कडा सरळ आणि फक्त टोके गोल; पाठीवर थोडे कुबड; पोटाखाली मधोमध रेडिएटरची पेटी लोंबलेली. स्पिटफायरला रेडिएटर पोटाखाली नसून पंखांखाली असतो. अमेरिकेच्या मस्टँगलाही पोटाखाली खोका आहे, पण तो बराच मागे; आणि त्याच्या पंखांची टोके कापल्यासारखी चौकोनी.

नाकावरून दोन कुळे पडतात. ज्यांचे इंजिन पाण्याने थंड होते त्यांचे नाक लांब व टोकदार. ज्यांचे वाऱ्याने थंड होते त्यांचे नाक घागरीच्या तोंडासारखे गोल व बोथट. स्पिटफायर, हरिकेन, मस्टँग ही पहिल्या कुळातली. अमेरिकन थंडरबोल्ट, जपानी झिरो आणि भारताने वापरलेले टेम्पेस्ट-दोन ही दुसऱ्या कुळातली.

विमान उतरताना आणखी एक खूण मिळते. स्पिटफायरची चाके अंगाजवळून निघतात आणि बाहेरच्या बाजूला मिटतात. त्यामुळे दोन चाकांतले अंतर कमी, आणि जमिनीवर ते विमान अवघडलेल्या माणसासारखे चालते. हरिकेनची चाके लांब-लांब असून आत मिटतात. ते जमिनीवर ऐटीत उभे राहते. हवेत सुंदर दिसणारे जमिनीवर तसेच दिसेल असे नाही, हे सारसालाही लागू करता आले असते, पण सारस जमिनीवरही सुंदरच दिसतो.

पुस्तकातल्या खुणांवर फार विसंबू नये. काही स्पिटफायरांचे पंख खाली वेगाने वळता यावे म्हणून टोकाशी छाटलेले होते. तिथे पानाचा आकार शोधणारा फसतो. आरंभीच्या स्पिटफायरना पंख्याची पाती दोन, मग तीन, पुढे चार झाली. आणि ग्रिफन इंजिन बसवलेल्या चौदाव्या प्रकाराला पाच. त्याचे नाकही लांब झाले. शिवाय मागून पाहिले तर जुन्या मर्लिन इंजिनाचा पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो आणि ग्रिफनचा उलटा. नाव एकच, अंग निराळे.

श्रोते हो, ही करमणूक वाटेल. त्या काळी ती करमणूक नव्हती. ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी शत्रू आला अशी खोटी वर्दी गेली, विमाने वर चढली, आणि ब्रिटिश स्पिटफायरांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन पाडली. एक तरुण वैमानिक मेला. त्या युद्धात मेलेला ब्रिटिश लढाऊ दलाचा तो पहिला वैमानिक. आणि तो शत्रूच्या नव्हे, स्वकीयांच्या गोळीने गेला. पानासारखा पंख आणि सरळ कडेचा पंख यांतला फरक मी इतक्या तपशिलाने सांगितला, तो न दिसल्याची किंमत ही अशी होती. म्हणून पुढे सैनिकांना, तोफेवरच्या माणसांना, गच्चीवर पहारा करणाऱ्या नागरिकांना काळ्या छायाकृतींची चित्रे दाखवून शिकवीत. चित्र पळभर दाखवायचे, झाकायचे, आणि विचारायचे, कोणते?

आपल्या पूर्व आघाडीवर हाच प्रश्न रंगाचा झाला. ब्रिटिश विमानांवर निळ्या-पांढऱ्या वर्तुळात लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल सूर्य. ब्रह्मदेशाच्या ढगाळ आभाळात लाल दिसले की बोट बंदुकीच्या घोड्यावर जाणारच. तेव्हा त्या आघाडीवरच्या आपल्या बाजूच्या विमानांवरचा लाल रंगच काढून टाकण्यात आला. गडद निळ्यात फिकट निळा एवढेच राहिले. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे ओढले. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वायुदलाची पहिली तुकडी हरिकेन घेऊन लढली, ती याच दिवसांत. आज कोठे चित्रात वा प्रदर्शनात लाल ठिपका नसलेले निळे वर्तुळ दिसले, तर ते विमान पूर्वेकडचे, आपल्या बाजूचे, असे खुशाल समजावे.

पण रंग हा लबाड साक्षीदार आहे. आज उडणाऱ्या जुन्या विमानांवर मालक आपल्या आवडीचा रंग देतात, एखाद्या नामांकित वैमानिकाची अक्षरे रंगवतात. सिनेमावाले तर विचारूच नका. १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ चित्रपटात जर्मन मेसरश्मिट म्हणून जी दिसतात, ती स्पेनमध्ये बांधलेली विमाने असून त्यांच्या पोटात इंग्रजी मर्लिन इंजिन होते! आणि १९७० च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ मध्ये हार्वर्डांना सोंगे देऊन जपानी झिरो केले. हार्वर्ड मात्र कानाला सोंग घेऊ देत नाही. त्याच्या पंख्याची टोके आवाजाच्या वेगाजवळ फिरतात, आणि धडपा फाडावा तसा कर्कश आवाज येतो. डोळा फसला तरी कान फसत नाही, म्हणून विमान डोक्यावरून जाताना बोलणे थांबवावे.

रंग मुळीच नसला तर? २०१९ साली दोन इंग्रज वैमानिकांनी १९४३ चे एक स्पिटफायर सगळा रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून पृथ्वीप्रदक्षिणेला काढले. ऑगस्टात इंग्लंडहून निघून, अमेरिका, रशिया, जपान करीत ते पूर्वेकडून भारतात शिरले आणि डिसेंबरात सुमारे ४३,००० किलोमीटर पुरे करून घरी पोचले. अंगावर ना निळे वर्तुळ ना तुकडीची अक्षरे. तरी ते ज्याने पाहिले त्याने पंख पाहूनच ओळखले असणार. दुसरे काही पाहण्याजोगे नव्हतेच.

आता ते दुसरे कारण. आज परदेशच्या आभाळात उडणाऱ्या या विमानांपैकी कितीतरी आपल्याकडून गेलेली आहेत. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या हिवाळ्यात काश्मीरवर टोळ्या चालून आल्या, तेव्हा भारतीय वायुदलाने स्पिटफायर आणि टेम्पेस्टच वापरली. त्या मोहिमेतील कामगिरीबद्दल ज्यांना महावीर चक्र मिळाले, त्यांत आपले हृषीकेश मुळगावकर होते. ते पुढे १९७६ मध्ये वायुसेनाप्रमुख झाले. जेट विमाने आली तशी ही पंख्याची विमाने मागे पडली. काही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी दिली गेली, काही तळांच्या कडेला गवतात उभी राहिली. १९७० नंतरच्या वर्षांत इंग्रज संग्राहक आले आणि ती घेऊन गेले. चौदाव्या प्रकारची बरीचशी स्पिटफायर अशीच इथून गेली. टेम्पेस्ट-दोन तर जगात जी मोजकी उरली, ती मुख्यतः भारताने टाकून दिलेली म्हणूनच उरली. त्यांतले एक २०२३ साली इंग्लंडात पुन्हा उडाले. आपण भंगार म्हटले, त्यांनी ठेवा म्हटले. यात आपली चूक होती असे मला वाटत नाही. त्या वेळी देशाला नवी विमाने हवी होती, जुन्यांचे कौतुक करण्याची ऐपत नव्हती. पण पाचदहा तरी उडती ठेवावयास हवी होती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

यांतली सर्वांत नवलाची हकीकत बनारसची आहे. १९८२ साली पीटर व्हेचर नावाच्या इंग्रज गृहस्थाला बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात एक मोडके हरिकेन दिसले. इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकण्यासाठी दिलेले, झाडोरा वाढलेला. त्याचा क्रमांक आर ४११८. जुनी दप्तरे उलगडली तेव्हा कळले, की हे विमान १९४० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लंडनच्या रक्षणासाठी क्रॉयडनहून ४९ वेळा उडाले होते. १९४३ च्या अखेरीस ते पेटीत घालून हिंदुस्थानात धाडले गेले. व्हेचर यांनी पुष्कळ वर्षे खटपट केली, २००१ मध्ये ते मायदेशी नेले, आणि २३ डिसेंबर २००४ रोजी ते उडाले.

कोणी विचारील, इतके पत्रे, इतके लाकूड बदलल्यावर ते तेच विमान कसे? हा वाद इंग्लंडातही चालतो. आपल्याला तो अवघड जाऊ नये. देवळाचा जीर्णोद्धार होतो, शिखर नवे बांधले जाते, दगड नवे येतात; देऊळ आपण तेच म्हणतो, कारण जागा आणि देव तोच असतो. विमानात ती जागा त्या क्रमांकाची. म्हणून जाणता माणूस पंखावरून जात ओळखतो, पण एकटे विमान ओळखायचे झाले की शेपटीजवळचा बारीक क्रमांक वाचतो.

त्या बनारसच्या हरिकेनच्या अंगावर मात्र मोठ्या अक्षरांत यू पी आणि डब्ल्यू असे रंगवलेले आहे. उत्तर भारतातून आलेल्या पाहुण्याला वाटते, बनारसला होते म्हणून उत्तर प्रदेशाची खूण घातली असेल. तसे नाही. यू पी ही १९४० मधल्या त्याच्या ६०५ क्रमांकाच्या तुकडीची अक्षरे. त्या वेळी उत्तर प्रदेश हे नाव जन्मालाही आले नव्हते. ते आले १९५० मध्ये.