पर्यावरणाचा तास धुऱ्यावर



पर्यावरण हा विषय शाळाकॉलेजात सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. २००३ साली पुन्हा बजावले. आपली पोरे ओझोनचा थर पाठ करतात, देवमाशाचे चित्र काढतात. देवमाशाशी आमचे काही वैर नाही. पण फवारणीला पाणी आणून देणाऱ्या सहावीच्या पोराला औषधाच्या डब्यावरचा रंग वाचता येत नाही, हे कसले शिक्षण?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, निळा. आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. हे चार रंग पोरगी शिकली तर रिकाम्या डब्यात पाणी भरणाऱ्या आजीला तीच अडवील. आणि फवारा चालू असताना पोरांनी वावरात पाऊल टाकायचे नाही. पाणी द्यायलासुद्धा नाही.

गणित धुऱ्यावर शिकवा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. २५ मिलिमीटरची एक झड म्हणजे लाखभर लिटर! ते गेले कुठे? पाऊस थांबताच पोराला नाल्याकडे न्या, पाणी गढूळ का ते विचारा. तास उताराने काढले की उताराला आडवे, हे त्याला नालाच सांगतो.

शेकडेवारी बोंडात आहे. २० हिरवी बोंडे फोडायची. दोनांत गुलाबी अळी निघाली की १० टक्के, म्हणजे फवारणीची पातळी. मावा खाणारा ढालकिडाही दाखवा. पोरांना किड्यांची किळस नसते, हे एक बरे.

आता अवघड भाग. पोरगा विचारील, ‘बाबा, पऱ्हाटी जानेवारीनंतरही उभी राहिली की अळी जगते, मग आपण फरदड का ठेवतो?’ त्याला गप्प बसवू नका. हिशोब मांडा. भाव पडला, दुकानदाराचे देणे राहिले, एखादी वेचणी जास्त मिळेल म्हणून ठेवली. ज्वारी का सोडली तेही सांगा. परवडली नाही, पाखरे राखायला माणूस मिळाला नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले, बैलांमागे शेणखत. शाश्वत शेतीवर भाषणे देणारे विद्वान हा हिशोब सांगत नाहीत. मग पोर एवढेच शिकते, की बाप अडाणी म्हणून जमीन खराब झाली. हा धडा आम्हाला मान्य नाही.

मृग लागण्याआधी चार जण मिळून गावच्या शाळेत जा. गुरुजींकडे महिन्याचे दोन शनिवार मागा. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा एक डबा, एक मोजपट्टी, आणि विहिरीची पातळी पाहायला गाठी मारलेला दोर, एवढे सामान पुरते. विहिरीवर मोठे माणूस सोबत हवेच. नोंदी पोरांच्याच हातच्या असाव्यात, आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत त्या पोरांनीच वाचून दाखवाव्यात.