आरक्षणाची मुदत आणि अनुदानाची वाट

आपल्या गावच्या नगरपरिषदेत कधी गेलात, तर नगररचना विभागाच्या भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशा लावलेला दिसेल. तो गावाचा विकास आराखडा. पिवळा भाग राहत्या वस्तीचा, हिरवा शेतीचा, आणि मधूनमधून क्रमांक घातलेले तुकडे. हे तुकडे म्हणजे आरक्षणं. शाळा, बाग, मंडई, दवाखाना, आणि एखाद-दुसरा दुर्बल घटकांच्या घरांसाठी. नकाशावर आरक्षण पडलं म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. सात-बारावर नाव मूळ मालकाचंच राहतं. नगरपरिषदेला मिळते ती फक्त मुदत. माझी बरीच वर्षं अशा नकाशांच्या कामात गेली, म्हणून आज या मुदतीविषयीच बोलणार आहे.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात १२७ क्रमांकाचं कलम आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यावर संपादनासाठी पूर्वी ६ महिने मिळत. २००९ साली त्याचे १२ झाले आणि २०१५ साली २४. तेवढ्यातही पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीला जो वापर लागू, तोच या जमिनीला. शेजारी बंगले असतील तर इथंही बंगले.

हे कलम अन्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या दोन एकरांवर आरक्षण पडलं, त्याला धड बांधता येत नाही, विकायला गेलं तर भाव येत नाही. १० वर्षं थांबल्यावर त्यानं 'घ्या, नाहीतर सोडा' म्हटलं, तर त्यात वावगं काय?

अडचण आहे ती पैशाची. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान येऊ लागलं. तेव्हापासून लहान गावांच्या नगरपरिषदा मंत्रालयाकडे डोळे लावून बसल्या आहेत. हे अनुदान बहुतेक ठिकाणी पगारातच जातं. उरलेल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून दिवाबत्ती आणि साफसफाई भागवायची. त्यातून जमीन कशी घेणार? २०१३ चा भूसंपादन कायदा आल्यापासून तर शहरी भागात बाजारभावाइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून द्यावी लागते. म्हणजे किंमत दुप्पट.

मग काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. नोटीस येते. सर्वसाधारण सभेत ठराव होतो. ठराव एकमतानं होतो, कारण त्याला खर्च नसतो. जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. तिकडून पत्र येतं, 'रक्कम जमा करावी.' रक्कम नसते, म्हणून नगरपरिषद शासनाकडे विशेष अनुदान मागते. त्यावर शेरा पडतो, त्रुटी निघते, फाइल परत येते. मार्च उलटला की पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहायची. दरम्यान मुख्याधिकारी बदलतात आणि नवे साहेब फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतात. एका नगरपरिषदेत अनुदानाला तत्त्वतः मान्यता मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा नोटिशीची मुदत संपून गेली होती. पत्राची पोच मात्र व्यवस्थित घेतली गेली.

कुणी म्हणेल, ठराव केला, प्रस्ताव पाठवला, हे पाऊल नव्हे काय? सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात आणि पुन्हा २०१३ साली श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात याचं उत्तर दिलं आहे. ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र पुरेसं नाही. संपादनाची रीतसर घोषणा राजपत्रात यायला हवी. अनुदान वाटेत होतं, ही सबब चालत नाही. आणि ते बरोबरच आहे. सरकारच्या उशिराचा भुर्दंड मालकानं का सोसावा?

टीडीआरचा उपाय सांगितला जातो. जमिनीच्या मोबदल्यात पैशांऐवजी बांधकामाचा हक्क द्यायचा, मालकानं तो विकावा. मुंबई-पुण्यात हे चालतं, कारण तिथं जादा मजल्यासाठी बिल्डर रांगेत उभा असतो. तालुक्याच्या गावी दोन मजल्यांवर घर जात नाही. तिथं तो हक्क घेणार कोण? मालक नोटिशीचाच रस्ता धरतो.

या सगळ्यात पहिला बळी जातो तो गरिबांच्या घरांच्या जागेचा, असं माझं निरीक्षण आहे. बागेसाठी आजूबाजूचे रहिवासी अर्ज करतात, शाळेसाठी संस्थाचालक खेटे घालतात. ज्यांच्यासाठी घरं बांधायची, ते नाल्याकाठी पत्र्याखाली राहत असतात आणि आपल्यासाठी एक आरक्षण आहे, हे त्यांना ठाऊकही नसतं. २०१५ साली पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यात घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अनुदान ठरलं. पण ते घरासाठी, जमिनीसाठी नव्हे. जमीन गावानं द्यायची. म्हणजे घराचा पैसा एका खिडकीवर आणि जमिनीचा दुसऱ्या.

मालकाची मुदत आणखी वाढवावी, या मताचा मी नाही. ६ चे २४ महिने झाले, तरी फायली काही वेगानं धावू लागल्या नाहीत. त्यापेक्षा आराखडा मंजूर करतानाच सरकारनं सांगावं, की या गावातली इतकी आरक्षणं घेण्याइतका पैसा १० वर्षांत आम्ही देऊ. बाकीची आरक्षणं टाकूच नयेत. नकाशा थोडा ओकाबोका दिसेल, दिसू द्या. घरांच्या जागा मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत, भाव चढण्याआधी घ्याव्यात आणि त्यासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे ती पगारात जिरणार नाही.

तोवर आपण एक करू शकता. आराखड्यासोबत आरक्षणांचा तक्ता असतो. क्रमांक, प्रयोजन, क्षेत्र. तो मागून घ्या आणि घरांसाठीची आरक्षणं कुठं आहेत ते शोधा. त्यांतली किती ताब्यात आली, हे विचारा. उत्तर 'प्रस्ताव पाठवला आहे' असं मिळालं, तर आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला, तेही विचारून घ्या.