डोंगरावरची रायफल : हलकी म्हणजे किती हलकी?



शिकारीच्या रायफलीवर बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज बोलायचं आहे ते न्यूझीलंडबद्दल. तिथे ज्या प्राण्यासाठी माणसं हलकी रायफल शोधत फिरतात, तो प्राणी मात्र आपल्या हिमालयातला आहे.

१९०४ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी भेट दिलेले काही हिमालयन ताहर, म्हणजे रानबकऱ्यांसारखे प्राणी, माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळांखेरीज एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तिथल्या उंचावरच्या गवतांना आणि फुलझाडांना खुरांची, दातांची सवयच नव्हती. ताहराला मारणारं जनावर तिथे नव्हतं. कळप वाढले आणि उतारच्या उतार खरवडले गेले. अखेर १९९३च्या सरकारी आराखड्यात ताहरांची संख्या १०,०००च्या आत ठेवायचं ठरलं. हिमालयात जपायचा प्राणी तिकडे आवरावा लागतो. सरकारी राखीव भूमीवर शिकारीचा परवाना फुकट मिळतो तो याच कारणाने. हे काम मी क्रूरतेचं मानत नाही. मात्र ते नीट झालं पाहिजे, आणि नीट होण्याचा बराचसा भाग हातातल्या हत्यारावर अवलंबून आहे.

आता तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्स पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर पावसाला अंत नाही. क्रॉप नदीच्या खोऱ्यात वर्षाला १०,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या आंबोलीचा पाऊसही त्यापुढे कमी ठरतो. नदी पायी ओलांडायची, काटेरी झुडपांतून वाट काढायची, घसरड्या दगडांवरून कड्यापर्यंत चढायचं, आणि पाठीवर तंबू, शिधा, दोर असं सगळं बिऱ्हाड. बार उडवायचा तो चार दिवसांत कदाचित एकदा. म्हणून रायफल हलकी हवी ही मागणी अगदी खरी आहे. दमलेला माणूस कड्यावर पाय चुकवतो, आणि दमलेल्या माणसाचा नेमही चुकतो.

पण हलकेपणाची किंमत असते, आणि दुकानदार ती सांगत नाहीत. पहिली किंमत नेमाची.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांची रायफल पडद्यावर पाहिली. त्या प्रकारात पुरुषांच्या रायफलीला ८ किलोपर्यंत वजनाची मुभा असते, आणि नेमबाज त्या मुभेचा आनंदाने फायदा घेतात. कारण जड वस्तू हलायला नाखूश असते. श्वासाचं वरखाली होणं, नाडीचा ठोका, बोटाने चाप ओढताना नळीला बसणारा बारीकसा हिसका हे सगळं जड रायफल गिळून टाकते. तीन किलोच्या रायफलीत तेच धक्के थेट नळीच्या टोकाशी पोहोचतात. शिवाय ऑलिंपिकचा नेमबाज दोन तास चढून आलेला नसतो.

दुसरी किंमत खांद्याला मोजावी लागते. काडतूस तेच असेल तर मागे येणारा रेटाही तेवढाच असतो, आणि त्यातून खांद्यावर आदळणारी ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चार किलोंची रायफल तीनवर आणली, की धक्का सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. माणूस धक्क्याला घाबरू लागला, की बार होण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा आखडतो. त्याची गोळी मग ताहराच्या काळजाऐवजी पोटात शिरते. तो जखमी प्राणी कड्याआड जाऊन तासन् तास तडफडतो. शंभर ग्रॅम वाचवल्याचा अभिमान तिथे कुठे पुरा पडणार?

म्हणून खरा विचार करायचा तो वजन कुठून काढायचं याचा. बोल्ट-ॲक्शन रायफल इथे मुळातच सोयीची आहे. पॉल माउझरच्या १८९८च्या बांधणीपासून तिचं तत्त्व फारसं बदललेलं नाही. हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दट्ट्या, पुढे सारून वळवला, की त्याच्या तोंडाशी असलेले दोन दणकट खुंट रिसीव्हरमध्ये, म्हणजे नळीमागच्या चौकटीत, अडकतात आणि स्फोटाचा सगळा दाब तिथेच पेलला जातो. भाग थोडे, म्हणून वजन थोडं आणि चिखलापाण्यात अडण्याची भीतीही थोडी. बोल्ट काढून वेगळा ठेवला की रायफल निरुपयोगी होते, ही घरातल्या मुलाबाळांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मार्च २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला. त्यानंतर न्यूझीलंडने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली. डोंगरातल्या शिकाऱ्याचं त्याने काही अडलं नाही, कारण त्याच्या हातात आधीपासून बहुधा बोल्ट-ॲक्शनच होती.

पहिलं वजन दस्त्यातून काढावं. अक्रोडाचा दस्ता देखणा असतो, मलाही तो आवडतो. पण त्या पावसात लाकूड फुगतं, नळीला बाजूने दाबतं आणि घरी पक्का केलेला नेम डोंगरावर सरकतो. फायबरग्लासचा किंवा कार्बनचा दस्ता हलका असतो आणि पाणी पीत नाही. इथे सौंदर्याचा मोह सोडावा. दुसरं वजन काडतुसाच्या निवडीतून जातं. .३०८ विंचेस्टर किंवा ७ मिमी-०८ ही आखूड काडतुसं आहेत. त्यांना रिसीव्हर आखूड चालतो, धक्का आवरता राहतो आणि ताहराला ती पुरून उरतात. हलक्या रायफलीत जास्त दारूचं मॅग्नम काडतूस घालणं मला अविचाराचं वाटतं. तिसरं वजन दुर्बिणीतून. रायफलीवर दोनशे ग्रॅम वाचवायला हजारो रुपये मोजणारी माणसं वर पाऊण किलोची दुर्बीण चढवतात!

नळीवर मात्र हात आखडता घ्यावा. सळईचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, की ताठपणा एक तृतीयांशाहून अधिक घटतो. बारीक नळी लवकर तापते आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला नेम सरकू शकतो. शिकारीत थंड नळीची पहिली गोळीच महत्त्वाची, हे मान्य. पण सराव करताना नळी तापतेच, आणि जी रायफल सरावाला नकोशी वाटते ती डोंगरावर परकी ठरते. न्यूझीलंडात सायलेन्सर लावायला कायद्याची आडकाठी नाही. त्याच्या तीन-चारशे ग्रॅमांबद्दल तक्रार करू नये. तो कान वाचवतो, धक्का कमी करतो आणि पुढचं टोक स्थिर ठेवतो. नळी थोडी आखूड घेऊन त्यावर सायलेन्सर, ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

अंतराबद्दल एकच सांगतो. कड्यावरून चाळीस अंश खाली दिसणारा ताहर तीनशे मीटरवर असला, तरी गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात ते अंतर सुमारे दोनशे तीस मीटरचंच धरायचं. हे न कळणाऱ्याची गोळी प्राण्याच्या पाठीवरून निघून जाते. आणि जिथून मेलेला ताहर दरीत कोसळेल, हाती लागणार नाही, तिथे तो कितीही सोपा दिसला तरी बार करू नये.

आपल्यापैकी अनेकांची मुलं आज ऑकलंड-क्राइस्टचर्चला आहेत. कोणी तिथल्या मित्रांबरोबर डोंगरात जाऊ लागलं असेल. त्यांच्यासाठी माझा निष्कर्ष असा. दुर्बीण, पट्टा, सायलेन्सर आणि काडतुसांसह सगळी रायफल तोलावी, आणि ती साडेतीन ते चार किलोंत बसली तर समाधान मानावं. त्याहून हलकी रायफल रोज सराव करणाऱ्या माणसासाठी आहे. आधी बंदुकीचा परवाना काढा आणि क्लबात जाऊन शिका. मग कोणाच्या तरी देखरेखीखाली, त्याच्याच रायफलीने, पाठपिशवीवर टेकून, धाप लागलेली असताना दोनशे मीटरवर पाच गोळ्या झाडून बघा. त्या पाचही तळहाताएवढ्या वर्तुळात पडल्या नाहीत, तर अर्धा किलो जड रायफल घ्या आणि पाठपिशवीतलं अर्धा किलो सामान घरी ठेवा.